एकूण गुणांचा रकाना

संदर्भग्रंथ तपासायचा एक ठरीव तक्ता आम्हा ग्रंथपालांच्या अंगात भिनलेला असतो. अधिकृतता, व्याप्ती, मांडणी, लेखनाची पातळी, अद्ययावतता, उपयुक्तता; प्रत्येकापुढे गुण आणि सगळ्यात खाली ‘एकूण’. विल्यम कॅट्झचं संदर्भसेवेवरचं जाडजूड पुस्तक वाचून परीक्षा दिलेल्या आमच्या पिढीला तर कोश हातात आला की आधी शीर्षकपानाची मागची बाजू, मग प्रस्तावना, मग सूची, अशी सवयच लागलेली. एक गोष्ट मात्र पुस्तकातून नाही, आमच्या बाईंच्या तासाला शिकलो. ज्या विषयातलं आपल्याला नीट कळतं, त्याचीच नोंद आधी काढायची. कोल्हापूरचा माणूस कोश उघडून आधी ‘कोल्हापूर’ काढतो तो काही गावाच्या प्रेमापोटीच नव्हे. तिथली चूक त्याच्या डोळ्यांतून सुटत नाही, आणि बाकीच्या पानांवर किती विसंबायचं याचा अंदाज त्याला तिथंच येतो.

2006 साली महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या उजळणी वर्गात प्रकल्प वाटले गेले. इतरांना ज्ञानकोश, वार्षिकं, चरित्रकोश मिळाले. मला वेबवरची एक डिरेक्टरी मिळाली. नाव ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट, पत्ता डीमॉझ डॉट ऑर्ग, म्हणून सगळे नुसतं ‘डीमॉझ’च म्हणत. माणसांनी एकेक वेबसाइट उघडून, पाहून, दोन ओळींत वर्णन लिहून वर्गवारीनं लावलेली ती यादी. ‘‘मॅडम, तोच तक्ता वापरा,’’ वर्गाचे संचालक सर म्हणाले. ‘‘साधन नवं असलं तरी कसोट्या त्याच.’’

तक्ता घेऊन बसले आणि पहिल्याच रकान्यात अडले. शीर्षकपानच नाही, तर त्याची मागची बाजू कुठून पाहायची? मग डीमॉझची जन्मकथा गोळा केली. ती आमच्या ग्रंथव्यवहारात शोभणारी नव्हती, पण मजेदार होती. रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल हे सन मायक्रोसिस्टिम्समधले दोन अभियंते. याहूच्या डिरेक्टरीत नोंदी फार हळू लागतात असं वाटून त्यांनी 1998 च्या जूनमध्ये आपली वेगळी डिरेक्टरी काढली आणि तिला ‘ग्नूहू’ असं नाव दिलं. ‘ग्नू’वाल्या मुक्त सॉफ्टवेअर मंडळींनी हरकत घेतली म्हणून ते ‘न्यूहू’ झालं. मग ‘हू’वर याहूची हरकत. त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझरच्या कंपनीनं ती विकत घेतली आणि पुढे नेटस्केपच एओएलच्या पदरात पडली. डीमॉझ म्हणजे डिरेक्टरी डॉट मोझिला डॉट ऑर्गचं लाडकं रूप. यातल्या स्क्रेंटानं शाळकरी वयात, 1982 मध्ये, ॲपल टू संगणकाच्या फ्लॉपीवरून पसरणारा ‘एल्क क्लोनर’ नावाचा व्हायरस लिहिला होता. घरगुती संगणकांत मोकाट पसरलेल्या पहिल्या काही व्हायरसांत त्याची गणना होते. दुसऱ्याची फ्लॉपी बिघडवणाऱ्या पोरानं पुढे जगभरच्या वेबसाइटी नीट लावायचं काम काढलं, हे मी प्रकल्पात लिहिलं नाही. सरांना आवडलं नसतं.

अधिकृततेचा प्रश्न तिथं सुटला नाही. डीमॉझचे संपादक बिनपगारी होते. कुणीही अर्ज करू शकत असे. आपल्याला ठाऊक असलेला एखादा लहानसा वर्ग निवडायचा, त्यात बसतील अशा दोन-तीन साइटींची शीर्षकं आणि वर्णनं नमुन्यादाखल लिहून द्यायची, आणि त्या विषयातल्या कुठल्या धंद्याशी आपला संबंध असेल तर तो उघड करायचा. जुने संपादक अर्ज पाहून होय-नाही कळवत. पदवी कुणी विचारत नसे. एकदा वर्ग मिळाला की त्याच्या पोटातले सगळे उपवर्ग तुमचे, आणि काम चांगलं दिसलं की वरच्या फांदीचा अधिकार. माझ्याबरोबर वर्गाला आलेले सोलापूरकडचे एक ज्येष्ठ ग्रंथपाल हे ऐकून म्हणाले, ‘‘ज्याला कुणी नेमलं नाही त्याचा अधिकार तो कसला? विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. इथं काय, टोपणनाव!’’

त्यांचं बरोबर होतं. पण मला निवडीची ती पद्धत मनातून आवडली होती. नमुन्यादाखल तीन नोंदी लिहून दाखव, मग बोलू, ही परीक्षा आमच्या कितीतरी नेमणुकांपेक्षा कामाच्या जवळची होती. ग्रंथालयात नोकरीला येणाऱ्याला मुलाखतीत रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम विचारतात. एक पुस्तक पुढे टाकून ‘याचं कार्ड कर’ असं म्हणणारी समिती मी अजून पाहिलेली नाही.

लेखनाच्या पातळीच्या रकान्यात मात्र मी हात सैल सोडून गुण दिले, आणि त्याचं कारण त्या वर्णनांचा नियम. संपादकांसाठी डीमॉझनं मार्गदर्शिका लिहून ठेवली होती आणि ती बाहेरच्या माणसालाही वाचायला खुली होती. वर्णन दोन ओळींचं, फार तर पंचवीस-तीस शब्दांचं. साइटीवर काय आहे तेवढंच सांगायचं. ‘सर्वोत्तम’, ‘अग्रगण्य’, ‘एकमेव’ हे शब्द बाद. ‘आम्ही’, ‘आमचे’ बाद. ‘स्वागत आहे’ बाद. शीर्षकात जे आलं ते वर्णनात पुन्हा नाही. शीर्षक म्हणजे त्या संस्थेचं खरं नाव. वर्णमालेत वर यावं म्हणून पुढे लावलेला ‘अ’ चालायचा नाही. साइट सुचवणारा आपल्या परीनं वर्णन लिहून पाठवत असे, पण संपादकानं ते कापायचंच असं गृहीत होतं.

वर्गातल्या सादरीकरणात हे समजावून सांगायला मी एक काल्पनिक नोंद फळ्यावर लिहिली. सुचवणाऱ्याचा मजकूर असा: ‘कोकणच्या निसर्गरम्य कुशीत वसलेले, घरगुती जेवणासाठी प्रसिद्ध, पर्यटकांच्या पहिल्या पसंतीचे ठिकाण. आमच्याकडे एकदा याच!’ मग सगळ्यांना म्हटलं, आता ही नोंद डीमॉझच्या नियमानं करा. गंमत अशी झाली की काट मारायला लागल्यावर खाली काहीच उरेना. निसर्गरम्य गेलं, प्रसिद्ध गेलं, पसंती गेली, ‘याच’ गेलं. राहिलं ते ‘कोकण’ आणि ‘जेवण’. मग एकीनं विचारलं, ‘‘पण हे गाव कुठलं? खोल्या आहेत की नुसती खाणावळ?’’ ते कळायला साइट उघडून पाहावी लागते. शेवटी फळ्यावर उरलं: ‘समुद्रकिनाऱ्यालगतचे निवासस्थान. खोल्यांचे प्रकार, दर, जेवणाचा तपशील आणि येण्याचा मार्ग.’ चव नाही, पण मुंबईहून सहकुटुंब निघणाऱ्याला जे हवं ते इथं आहे की नाही, एवढं त्यातून कळतं. आणि साइटीवर दर दिलेलेच नसतील तर ‘दर’ हा शब्द लिहिता येत नाही. म्हणजे प्रत्येक शब्दामागे कुणीतरी जाऊन पाहिलेलं असावं लागतं. आमच्या व्यवसायात याला किंमत आहे. शंकर गणेश दात्यांच्या ग्रंथसूचीला आम्ही आजही मान देतो तो अशाच कष्टांसाठी.

मांडणीच्या रकान्यापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळले. वर सोळा मोठे वर्ग: कला, व्यापार, संगणक, खेळ, आरोग्य, घर, विज्ञान, समाज, असे. त्यांच्या पोटात लाखांवर उपवर्ग. ड्युईच्या दशमान वर्गीकरण पद्धतीवर वाढलेल्या माणसाला आधी धक्का बसतो, कारण इथं अंक नाहीत, नुसती नावांची साखळी आहे. आणि एकच विषय तीन ठिकाणी असला तरी कुणाला काही वाटत नाही. ज्या ठिकाणी खरं घर नाही तिथं वर्गाच्या नावापुढे ॲटचं चिन्ह असे. त्यावर टिचकी मारली की तुम्ही खऱ्या घरी पोचता. कार्डांच्या कपाटात ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ लिहून लिहून बोटं दुखलेल्या आम्हा लोकांना ते चिन्ह फार हुशारीचं वाटलं. आणि ड्युईनं 200 या वर्गात ख्रिस्ती धर्माला 220 पासून 280 पर्यंत ऐसपैस जागा देऊन उरलेल्या साऱ्या जगाच्या धर्मांना 290 मध्ये कोंबलं, तसं तरी इथं नव्हतं. गरज पडली की नवी फांदी फुटत होती.

पण भाषेच्या बाबतीत इथंही एक गाठ होतीच. इंग्रजी साइटी पंधरा वर्गांत पसरलेल्या, आणि इतर सगळ्या भाषा ‘वर्ल्ड’ या सोळाव्या वर्गात, प्रत्येकीची वेगळी खोली. त्यामुळे महाराष्ट्राबद्दलच्या इंग्रजी साइटी प्रादेशिक वर्गात, आशिया, भारत, महाराष्ट्र अशा पायऱ्या उतरून मिळायच्या. आणि मराठीतल्या साइटी ‘वर्ल्ड’खाली मराठीत. एकाच कवीवरची इंग्रजी साइट एका टोकाला, मराठी साइट दुसऱ्या टोकाला. जर्मन किंवा जपानी वाचकाला हे सोयीचं असेल, कारण तो आपल्या भाषेच्या खोलीतून फारसा बाहेर पडत नसावा. मराठी माणूस एका ओळीत तीन भाषा वापरतो. त्याला या दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालाव्या लागत.

त्यात फाँटचं दुखणं. आज ज्यांनी मोबाइलवर युनिकोड मराठीच पाहिली आहे त्यांना हे सांगून पटत नाही. ‘मायबोली’ ही मराठी साइट 1996 पासून होती, 2004 मध्ये ‘मनोगत’ हे संकेतस्थळ युनिकोडमध्ये सुरू झालं होतं, मराठी विकिपीडियालाही तीन वर्षं झाली होती. तरी मराठीतल्या पुष्कळ साइटी तेव्हा आपापल्या फाँटवर चालत. कुणाचा शिवाजी, कुणाचा किरण, वर्तमानपत्रांचे आणखी वेगळे. काही ठिकाणी तो फाँट ब्राउझरमध्ये आपोआप उतरायचा, पण फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. दुसऱ्या ब्राउझरमधून पाहिलं की पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांची उधळण. आमच्या लॅबमधला मुलगा दर सोमवारी मला विचारी, ‘‘मॅडम, आज कुठला फाँट टाकायचा?’’ कंट्रोल पॅनेल, फाँट्स, फाइल चिकटवायची, ब्राउझर बंद करून परत उघडायचा. मग अक्षर दिसायचं, आणि कधी असं कळायचं की एवढ्या खटाटोपानंतर पानावर ‘काम चालू आहे’ एवढंच लिहिलंय.

आता अशा साइटीचं मूल्यमापन करणाऱ्या संपादकाचा विचार करा. त्याच्याकडे तो फाँट नसेल तर त्याला कवितेची साइट आणि मोडलेली साइट यांतला फरक कसा कळणार? आणि लिंक जिवंत आहे की मेली हे तपासणाऱ्या यंत्राला तर काहीच कळणार नाही. मराठीची खोली लहान होती, यात नवल नाही. जे होतं ते कुणीतरी फाँट उतरवून घेऊन, वाचून लावलेलं होतं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटलं. तक्त्यात ते मांडायला जागा नव्हती.

अद्ययावततेच्या रकान्यात तर पेनच चालेना.

दाते सूचीचा पहिला खंड 1800 पासून 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांचा आहे आणि तसं तो आधीच सांगतो. 1938 चं पुस्तक त्यात नाही म्हणून कुणी दात्यांना दोष देत नाही. छापील सूचीचा हा मोठा प्रामाणिकपणा असतो: मी इथपर्यंत आले, पुढचं तुमचं तुम्ही बघा. डीमॉझला असं थांबता येत नव्हतं. पानाच्या तळाशी त्या वर्गात शेवटचा बदल कधी झाला त्याची तारीख यायची, पण तारीख वर्गाची, नोंदीची नव्हे. एक स्वल्पविराम दुरुस्त केला तरी तारीख ताजी. उलट वर्गाला कुणी संपादक नसेल तर तिथं ‘स्वयंसेवक हवा’ अशा अर्थाची ओळ असे. पण तीवरूनही वर्ग बेवारस आहे असं म्हणता येत नसे, कारण वरच्या फांदीवर बसलेला कुणीतरी अधूनमधून खाली उतरून साफसफाई करत असण्याची शक्यता होतीच. मुखपृष्ठावर संपादकांचा मोठा आकडा झळके. तो आजवर घेतलेल्या सगळ्यांचा होता, काम करत असलेल्यांचा नव्हे. आमच्याकडे आजीव सभासदांचा आकडा असाच वर्षानुवर्षं वाढत असतो.

मेलेल्या लिंक शोधायला त्यांच्याकडे रोबोझिला नावाचा प्रोग्राम होता. तो फिरून येई आणि न उघडणाऱ्या साइटींवर खूण करून ठेवी. पण साइट न उघडणं हा सोपा आजार. अवघड आजार असा की साइट छान उघडते, फक्त ती आता दुसऱ्याची झालेली असते. शाळेनं डोमेनचे पैसे भरले नाहीत, मुदत संपली, कुणीतरी ते नाव उचललं आणि तिथं कर्जाच्या जाहिराती लावल्या. यंत्राच्या दृष्टीनं सगळं ठीक. वर्णन अजून म्हणतंय: ‘शाळेचा इतिहास, शिक्षकवृंद, उपक्रम.’ पुस्तक कपाटात ठेवल्यावर रात्रीतून त्याची पानं बदलत नाहीत, या भरवशावर आमचं सगळं शास्त्र उभं आहे. इथं तो भरवसा नाही. नोंद खरी होती, आणि काहीही न करता ती खोटी झाली.

मग मी बाईंची युक्ती वापरली. मला कळणारा वर्ग काढला: ग्रंथालयशास्त्र. नीट लावलेला. वर्गीकरण आणि तालिकीकरण यांना स्वतंत्र घरं, वर्णनं नेमकी, तीच साइट दोनदा नाही. कुणीतरी आपल्यापैकीच होतं तिथं, हे दोन पानांत कळलं. विज्ञानाखालचा प्राणी-वनस्पतींचा वर्ग पाहिला. मला त्यातलं कळत नाही, म्हणून वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक बाईंना शेजारी बसवलं. कुळं, प्रजाती लॅटिन नावांनिशी शास्त्रशुद्ध उतरंडीनं लावलेल्या पाहून त्या चहा विसरल्या. नंतर महाराष्ट्रात उतरले. मोठ्या शहरांची पानं भरलेली, तालुक्याच्या गावांची नुसती पाटी आणि आत एखादी नोंद.

हे पाहिल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी एकच एक वस्तू तपासत नाही. विश्वकोशाला एक संपादक मंडळ असतं, एक शैलीपत्रक असतं, आणि कुठल्याही खंडातलं पान कमीअधिक त्याच हाताखालून गेलेलं असतं. म्हणून त्याला ‘एकूण’ गुण देता येतात. डीमॉझला नियम सगळीकडे सारखे होते, पण त्या नियमांनी काम करणारं माणूस प्रत्येक फांदीवर वेगळं होतं, आणि काही फांद्यांवर नव्हतंच. जिथं कुणाला गोडी होती तिथं ती डिरेक्टरी मी पाहिलेल्या कुठल्याही यादीपेक्षा सरस होती. जिथं नव्हती तिथं ती कुणीही न झाडलेली. दोन्हींची सरासरी काढली तर जो आकडा येईल तो कुठल्याच पानाला लागू पडणार नाही. म्हणून मी तक्ताच उभा फाडून तीन केले, तीन फांद्यांना तीन, आणि ‘एकूण’च्या रकान्यात लिहिलं: ‘शाखेनुसार.’

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘मॅडम, हे शाखेनुसार म्हणजे काय?’’

‘‘सर, ग्रंथालयशास्त्राला दहापैकी नऊ द्या. तालुक्याच्या गावांना तीन. एकत्र करून सहा दिले तर विद्यार्थी दोन्हीकडे फसेल.’’

‘‘पण समितीला आकडा लागतो हो.’’

त्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘ब’ लिहिला आणि प्रकल्प स्वीकारला. त्यांचीही अडचण मला कळत होती. तीस प्रकल्पांचे निकाल लावायचे तर त्यांना अक्षरच हवं.

प्रकल्प देऊन टाकला आणि त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला डीमॉझचा मुख्य सर्व्हर कोसळला. 18 डिसेंबरपर्यंत संपादकांना काहीच करता येत नव्हतं. बाहेरून पाहणाऱ्याला डिरेक्टरी दिसत होती, फक्त ती जुनी प्रत होती. सगळे संपादक हात बांधून बसलेले आहेत हे पानावरून कुणालाच कळलं नसतं. ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षं ग्रंथालयशास्त्राच्या मुलांना अद्ययावततेवरच्या तासाला सांगत आले.

उपयुक्ततेचा रकाना आम्हा ग्रंथपालांना जेवढा साधा वाटतो तेवढा नव्हता, हे मला एका माजी विद्यार्थ्यानं शिकवलं. तो वेबसाइटी बनवून द्यायचा धंदा करत होता. मी डीमॉझवर काम करतेय हे त्याला कुठून कळलं कोण जाणे, पेढे घेऊन आला. ‘‘मॅडम, तुमचं तिथं काही वजन आहे का? माझ्या दोन गिऱ्हाइकांचं तेवढं लावून द्या.’’ मी म्हटलं, ‘‘अरे, तिथं जाऊन बघतं कोण?’’ तो हसला. ‘‘माणसं नाही बघत हो. गूगल बघतं.’’

डीमॉझचा सगळा साठा कुणालाही फुकट उचलून वापरता येई, एवढीच अट की श्रेय द्यायचं. गूगलनं 2000 मध्ये तो घेऊन आपली डिरेक्टरी उभी केली, आणि त्यात नोंदी वर्णक्रमाऐवजी पेजरँकनं, म्हणजे साइटीकडे येणाऱ्या लिंकांवरून ठरणाऱ्या क्रमानं, लावल्या. इतर कितीतरी साइटींनी तीच यादी जशीच्या तशी छापली. म्हणजे एका संपादकानं लावलेली एक नोंद शेकडो ठिकाणी उमटायची, आणि त्या साइटीकडे येणाऱ्या लिंक वाढायच्या. शोधनिकालात साइटीखाली येणारं वर्णनही कित्येकदा डीमॉझचंच असे. ते मालकांना इतकं खटकू लागलं की 2006 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या दोघांनीही ‘डीमॉझचं वर्णन वापरू नका’ असं साइटीनं सांगायची एक खास खूण मान्य केली. ज्या कोरड्या दोन ओळींना मी भरभरून गुण दिले होते, त्या दुकानदाराला नको होत्या, आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याचंही चूक नव्हतं. अशी किंमत आली की मागोमाग जे येतं तेही आलं. संपादक पैसे घेतात, स्पर्धकाची साइट अडवून ठेवतात, असे आरोप सतत होत राहिले. वाचकासाठी लिहिलेली यादी यंत्र वाचू लागलं, आणि अर्जदारही यंत्रासाठीच अर्ज करू लागले. उपयुक्तता कुणाला, हा उपरकाना कॅट्झच्या काळी लागत नव्हता.

पेढे मी ठेवून घेतले. वजन नव्हतंच, तेव्हा नोंदीचा प्रश्न आला नाही.

पैसे घेणं उघडपणेही चालत होतं. याहूच्या डिरेक्टरीत व्यापारी साइट लवकर पाहून घ्यायची तर वर्षाला 299 डॉलर लागत. तेवढ्यानं फक्त पाहण्याची खात्री, लावण्याची नाही. तो सौदा निदान स्वच्छ होता. आमच्या भागातल्या एका खासगी व्यवसाय-डिरेक्टरीनं आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला ‘पुस्तकविक्रेते’ या सदरात टाकलं होतं. दर जूनला पालकांचे फोन: ‘‘अकरावी सायन्सचा सेट आहे का? कव्हर घालून मिळेल का?’’ मी त्या कार्यालयात फोन करून दुरुस्ती सांगितली तर पलीकडचा मुलगा मोठ्या अदबीनं म्हणाला, ‘‘मॅडम, प्रीमियममध्ये आलात तर लगेच करून देतो.’’ चूक त्यांची, पैसे आमचे. डीमॉझच्या बाजूनं माझं मन झुकलं त्यात या फोनांचा वाटा थोडा असेलच.

ग्रंथपालांनी स्वतः चालवलेल्या याद्याही होत्या आणि त्या मला मनापासून जवळच्या वाटत. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातली ‘बबल’ तर वेबसाइटी चक्क दशमान वर्गांकांनी लावायची. 510 म्हटलं की गणित! कॅलिफोर्नियातल्या ग्रंथपालांची एक सूची होती. तिच्या नोंदी डीमॉझपेक्षा कितीतरी कमी, पण जवळजवळ प्रत्येक विश्वासार्ह. आणि याहूच्या वर्गवारीमागे श्रीनिजा श्रीनिवासन ही भारतीय वंशाची बाई होती, अगदी सुरुवातीच्या मोजक्या कर्मचाऱ्यांपैकी, हे मी विद्यार्थिनींना मुद्दाम सांगते. संगणकाच्या इतिहासात वर्गीकरण करणाऱ्या माणसाचं नाव सहसा कुणी घेत नाही.

यातली एकेक यादी मिटत गेली. 2009 मध्ये जिओसिटीज ही फुकट वेबपानांची सेवा बंद झाली तेव्हा तिथली घरगुती पानं एका झटक्यात गेली आणि अशा सगळ्या याद्यांत भोकं पडली. गूगलची डिरेक्टरी 2011 मध्ये गेली, बबलचं कामही त्याच वर्षी थांबलं. याहूची 2014 च्या अखेरीस गेली. डीमॉझ 17 मार्च 2017 ला बंद झाली, तेव्हा तीत 38 लाखांवर साइटी होत्या. लोक म्हणतात शोधयंत्रं सरस ठरली म्हणून याद्या मेल्या. मला हे अर्धंच खरं वाटतं. ज्याला काय हवंय ते नेमकं माहीत आहे त्याला शोधयंत्र सरस आहे, वादच नाही. पण एखाद्या विषयात काय काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्यानं पेटीत कुठला शब्द टाकायचा? पीएच.डी.ला नुकतेच लागलेले विद्यार्थी आजही माझ्या टेबलापाशी येऊन नेमके इथंच अडतात. त्यांना विषयाचा उतरता जिना हवा असतो, आणि तो कुणीतरी माणसानं बांधलेला असावा लागतो. तो बांधायला फुकटात माणसं किती वर्षं मिळणार, हा प्रश्न मात्र डीमॉझवाल्यांना सुटला नाही, आणि मलाही त्याचं उत्तर देता येत नाही.

डीमॉझच्या जुन्या संपादकांनी तोच साठा घेऊन ‘कर्ली’ नावानं डिरेक्टरी पुढे चालवली आहे. मी ती ग्रंथालयशास्त्राच्या मुलांना प्रकल्पाला देते. तक्ता तोच, फक्त ‘एकूण’चा रकाना मी छापतच नाही. त्याऐवजी प्रत्येकानं दोन फांद्या निवडायच्या, एक आपल्याला कळणारी आणि एक न कळणारी, आणि दोन्हींत काय वेगळं दिसलं ते लिहायचं. न कळणाऱ्या फांदीला मुलं हमखास जास्त गुण देतात. ते त्यांना दाखवून दिलं की मग तासाला जरा जान येते.

गेल्या तुकडीतल्या दोघी त्यापुढे गेल्या. मराठी विभागासाठी संपादकाचा अर्ज भरायचं त्यांनी ठरवलं. नमुन्याच्या साइटी निवडायला बसल्या आणि पहिल्याच साइटीवर भांडण लागलं. एका गावातल्या शंभरी ओलांडलेल्या सार्वजनिक वाचनालयाची साइट. एक म्हणे ही ‘संस्था’त जाईल, दुसरी म्हणे यांनी स्वतःच्या जुन्या मासिकाचे अंक वर चढवलेत, म्हणून ‘साहित्य’त. ‘‘मॅडम, तुम्ही सांगा.’’ मी त्यांना म्हटलं, आधी दोघींनी अंकांची पानं उघडून बघा, उघडतात का आणि किती वर्षांचे आहेत. मग वर्णन लिहा, मग वर्ग. त्यांनी पाहिलं. पाच वर्षांचे अंक उघडत होते, बाकीच्यांची नुसती मुखपृष्ठं होती. वर्णनातला ‘अंक’ हा शब्द त्यावरून पुन्हा वादात सापडला, आणि लॅब बंद करायची वेळ झाली तरी तो निकालात निघालेला नव्हता.